खांब कशावर उभा आहे?

(उपदेशक, बायबलबाई व खेड्यांतील मंडळ्या यांसाठी पाठ. सभेला येण्यापूर्वी गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय व राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा पाचवा अध्याय घरी वाचून यावे. ज्यांस वाचता येत नाही त्यांस घरातील मुलांनी वाचून दाखवावे.)

कर्जत स्टेशनावर उतरून उल्हास नदीच्या खोऱ्याने कोंदिवडे गावाकडे गेले, आणि तेथून राजमाचीच्या पायथ्याची चढण धरली, म्हणजे दाट झाडीत कोंडाण्याची लेणी लागतात. (सिंहगडाचे जुने नाव कोंढाणा, त्याच्याशी या कोंडाण्याचा काही संबंध नाही, हे नवख्या वाचकास सांगून ठेवलेले बरे.) इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास बौद्ध भिक्षूंसाठी ही लेणी खडकात कोरली गेली. पावसाळ्यात वरच्या कड्यावरून धबधबा थेट लेण्यांच्या तोंडापुढे पडतो. आत एक मोठे चैत्यगृह आहे. त्या काळी थोर इमारती लाकडाच्या असत, म्हणून कारागिरांनी दगडातही लाकडी घराचीच रीत उतरविली; कमानी, वासे, खांबांच्या ओळी, सर्व काही.

या चैत्यगृहातील खांबांची आज फार चमत्कारिक दशा झाली आहे. शेकडो वर्षांच्या ओलीने खडक झिजून कित्येक खांबांचे खालचे भाग नाहीसे झाले आहेत; वरचा तुकडा मात्र छताला तसाच चिकटून आहे. लाकडी घराचा खांब कुजला तर आढे खाली येते, व घरधन्याला त्याच रात्री कळते. येथे खांब व छत एकाच खडकाचे असल्यामुळे काहीच कोसळत नाही. दुरून पाहणाऱ्यास खांब दिसतो. जवळ जाऊन पायाकडे नजर टाकावी, तर खांब आणि जमीन यांच्यामध्ये नुसती मोकळी जागा. छताचा भार त्या खांबावर नाही; छतानेच त्या खांबाला धरून ठेवले आहे.

प्रेषित पौलाने गलतीकरांस लिहिताना पेत्र, याकोब व योहान यांविषयी हाच शब्द वापरला आहे. यरुशलेमेच्या मंडळीत हे तिघे खांब मानले जात असत, असे तो सांगतो. त्या मानाविषयी त्याची काही तक्रार नाही. परंतु पुढे दोन-तीन वचने वाचावी, तो त्या खांबांपैकी एक, आणि तोही पेत्र, अंत्युखियास अधांतरी लोंबताना आपणांस दिसतो.

घडले ते असे. अंत्युखियाच्या मंडळीत यहूदी व परराष्ट्रीय एका पंक्तीस बसून जेवत. पेत्र तेथे आला तेव्हा तोही त्या पंक्तीस बसू लागला. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात त्याला छतावर जो दृष्टान्त झाला, त्यावरून अन्नाचा व मनुष्याचा विटाळ मानू नये हे तो शिकला होता. म्हणजे पंक्तीस बसणे त्याच्या मनाविरुद्ध नव्हते. मग यरुशलेमेहून, याकोबाकडून, काही मंडळी आली. ती आली तसा पेत्र हळूच पंक्तीतून उठू लागला व वेगळा राहू लागला. त्याच्यामागून इतर यहूदी उठले. इतकेच काय, ज्याचे नाव औदार्यासाठी सर्वांच्या तोंडी होते तो बर्णबाही उठला. पौलाने सर्वांदेखत पेत्राला तोंडावर विरोध केला, आणि या वागणुकीला ढोंग हेच नाव दिले.

वाचकहो, येथे थोडे थांबावे असे आम्हांस वाटते. आपण ढोंगी म्हटले की परूशी आठवतो. लांब झालरीचा झगा, चौकात उभे राहून केलेली प्रार्थना, दान देताना वाजविलेली तुतारी. असा मनुष्य ओळखण्यास सोपा आहे, आणि तो आपण नव्हे हे म्हणण्यासही सोपे आहे. परंतु ज्या पेत्राने प्रभूबरोबर तीन वर्षे काढली, ज्याने पेंटेकॉस्टच्या दिवशी उपदेश केला, त्याला कोणी परूशी म्हणणार नाही. त्याने खोटा उपदेश केला नाही. त्याने पैसा खाल्ला नाही. तो केवळ एका पंक्तीतून उठला. आणि का उठला? शास्त्र स्पष्ट सांगते की तो आलेल्या लोकांना भ्याला.

मूळ ग्रीक भाषेत ढोंगी या अर्थी जो शब्द आहे तो नाटकातील सोंगाड्याचा शब्द आहे. आपल्याकडे तमाशात, लळितात सोंगे येतात. राजाचे सोंग घेणारा सकाळी आपल्या शेतावर जातो. कोणी त्याला लबाड म्हणत नाही, कारण सोंग हे सोंग आहे हे सर्वांस ठाऊक असते. सोंगाड्याला दोन गोष्टी लागतात, प्रेक्षक व दिवटीचा उजेड. प्रेक्षक उठून गेले की सोंग उतरते. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात दान, प्रार्थना व उपास या तिन्ही ठिकाणी प्रभू हाच एक प्रश्न पुढे करितो, की तू हे कोणाच्या डोळ्यांसाठी करितोस? जे लोकांच्या डोळ्यांसाठी करितात त्यांचे फळ त्यांस मिळून चुकले, असे तो म्हणतो; आणि तेथे वापरलेला ग्रीक शब्द त्या काळच्या व्यापारी पावत्यांवर आढळतो, ‘रक्कम भरून पावली’ या अर्थाने. लोकांनी वाहवा केली, पावती झाली, खाते बंद. देवाकडे काही येणे उरले नाही.

आता हे आपल्या वस्तीत आणून पाहू. खेड्यातील मंडळीत तुतारी कोण वाजवितो? आमच्या पाहण्यात तिचा आवाज बहुधा प्रार्थनेत येतो. आजारी मुलाजवळ आई बसली आहे, तिला दोन शब्दांचा आधार हवा आहे, आणि उपदेशक पाव घटका संस्कृत शब्दांची माळ ओवीत आहेत. मूल मध्येच पाणी मागते, पण प्रार्थना चालली आहे म्हणून आई उठत नाही. त्या प्रार्थनेचा कान कोणाचा होता? दुसरी जागा म्हणजे अहवाल. किती घरी गेलो, किती सभा घेतल्या, किती जण आले हे वरच्यांस कळवावे लागते, आणि ते योग्यच आहे. पण वहीत नाव यावे म्हणून दारातून दारात जाणे आणि माणूस भेटावा म्हणून ओट्यावर बसणे यांत फार अंतर आहे. ते अंतर वहीत दिसत नाही. ओट्यावरच्या म्हातारीला मात्र ते पहिल्याच दिवशी कळते.

परंतु यांहून मोठी जागा म्हणजे पंक्तीच होय. जेथे अंत्युखियाचा खांब हलला तेथेच आमच्या देशात पुष्कळ खांब हललेले आहेत. महाराष्ट्रात निरनिराळ्या जातींतून लोक ख्रिस्ती झाले. नगर जिल्ह्यात महार व मांग या दोन्ही समाजांतून मंडळ्यांत माणसे आली. प्रभुभोजनाच्या मेजाजवळ सर्व एक, आणि लग्नाची बोलणी निघाली की मूळ कोणते याची चौकशी! पाव एकाच ताटातील घेतला, पण घरी आलेल्या बंधूला पाणी दिले ते वेगळ्या तांब्यातून. आणि तेही पाहुणे आले असतील तेव्हाच, एरवी नाही. हा ‘पाहुणे आले असतील तेव्हाच’ फार महत्त्वाचा आहे. पेत्राचेही नेमके असेच झाले. ज्याच्या मनात भेद आहे तो अज्ञानी आहे, त्याला शिकविता येते. ज्याच्या मनात भेद नाही पण सोयरे पाहतात म्हणून जो भेद दाखवितो, त्याला शिकविण्यासारखे काही उरत नाही. त्याला सर्व ठाऊकच असते.

या ठिकाणी लक्ष्मीबाई टिळकांची आठवण काढणे आम्हांस अगत्याचे वाटते. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा हिंदू होत्या, व कित्येक वर्षे त्या त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे त्या पतीकडे राहावयास आल्या, तरी त्यांनी आपले सोवळे एकदम सोडले नाही. पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. ख्रिस्ती उपदेशकाच्या घरात हे चालले होते, आणि उपदेशकाची पत्नीच ते चालवीत होती! मिशनातील लोक काय म्हणतील या भीतीने टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली असती तर बाहेरून ते घर फार शोभले असते. टिळकांनी तसे केले नाही. आणि लक्ष्मीबाईंनीही पतीची अब्रू राखण्यासाठी चारचौघांत एक व स्वयंपाकघरात दुसरे असे केले नाही. त्या विचार करीत राहिल्या. जातिभेद देवाने केलेला नसून माणसांनी केलेला आहे असे ज्या दिवशी त्यांच्या मनाने घेतले, त्या दिवशी त्यांनी तो सोडला, आणि कोणाच्याही हातचे पाणी घेण्यास सिद्ध झाल्या. बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला. हे सर्व त्यांनी स्वतःच ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेविले आहे. त्याचे भाग १९३४ सालापासून प्रसिद्ध झाले. आपले सोवळे किती वेळ टिकले हे सांगताना त्या स्वतःलाच हसतात.

आम्ही सोवळ्याची तरफदारी करीत आहो असे कोणी समजू नये. आमचे म्हणणे इतकेच की अंत्युखियास पेत्राने जे केले त्याच्या हे अगदी उलट आहे. पेत्राचे मन पुढे गेले होते आणि पाय मागे आले. लक्ष्मीबाईंचे मन जेथवर होते तेथवरच पाय होते. आणि मन पुढे सरकताच पायही सरकले. मंडळीत नवी आलेली एखादी बाई जुनी रीत धरून असली तर उपदेशकांनी तिच्यावर लाजेचे ओझे घालून ती सोडवू नये. तिला फार तर लपविण्यास शिकविल्यासारखे होईल.

आता राजांच्या दुसऱ्या पुस्तकाकडे वळू, कारण उपदेशकांनी ज्याच्यात स्वतःला पाहावे असा मनुष्य तेथे आहे. नामान हा अरामाचा सेनापती. त्याला कोड झाले होते. (जुन्या शास्त्रात कोड हे कित्येक ठिकाणी शिक्षा म्हणून येते, परंतु कुष्ठरोग हा जंतूपासून होणारा रोग आहे व आज सरकारी दवाखान्यातील औषधाने तो पूर्ण बरा होतो, तेव्हा कोणाही रोग्यास या अध्यायावरून पापी ठरवू नये.) अलीशाच्या सांगण्यावरून त्याने यार्देनेत सात वेळा स्नान केले व तो बरा झाला. त्याने मोठी देणगी पुढे केली. अलीशाने एक कवडीही घेतली नाही. का घेतली नाही? नामान परदेशी, परधर्मी होता. जन्मात प्रथमच तो इस्राएलाच्या देवाच्या दाराशी आला होता. त्याच्या देशात देवाकडून काही हवे तर पुजाऱ्याला द्यावे लागत असेल. हा देव फुकट देतो, हा धडा त्याने घेऊन जावा असे अलीशाला वाटले असावे.

अलीशाचा चाकर गेहजी हे सर्व पाहत होता. तो मागून धावला. नामान रथातून खाली उतरला. एवढा सेनापती एका चाकरासाठी रथाखाली उतरतो, इतका त्याच्या मनात पालट झाला होता. गेहजीने त्याला काय सांगितले? मला पैसे हवेत असे नाही सांगितले. धन्याने पाठविले आहे, संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी दोन तरुण आताच आले आहेत, त्यांच्यासाठी थोडी चांदी व वस्त्रे द्यावी, असे सांगितले. म्हणजे गरिबांचे नाव, धन्याचे नाव, आणि पेटी स्वतःची. नामानाने मागितल्याच्या दुप्पट चांदी आनंदाने दिली. गेहजीने ती घरात ठेवली, आणि मग नेहमीप्रमाणे जाऊन धन्यापुढे उभा राहिला. कोठे गेला होतास असे विचारल्यावर म्हणाला, कोठेच नाही.

या गोष्टीत गेहजीला झालेल्या शिक्षेकडे सर्वांचे लक्ष जाते. आमचे लक्ष नामानाकडे जाते. तो आपल्या देशी परत जात होता. त्याला खरी गोष्ट कधी कळली की नाही हे शास्त्रात नाही. वाटेने जाताना त्याच्या मनात काय आले असेल? ‘शेवटी येथेही द्यावे लागलेच.’ एका चाकराने दोन पोशाखांसाठी एका नव्या विश्वासणाऱ्याच्या मनातील देवाची मूर्तीच बदलून टाकली. प्रार्थनेस गेले असता घरच्यांनी प्रेमाने भाकरी वाढली तर ती खावी. प्रभूने आपल्या शिष्यांस तसेच सांगितले आहे. परंतु बाळ बरे झाले म्हणून कोंबडी, कापणी झाली म्हणून मंडळीच्या नावाने मागितलेली आणि मंडळीच्या वहीत न चढलेली पायली, यांविषयी उपदेशकांनी सावध असावे. देणाऱ्या बाईचे एक पायली भात गेले तर ती पुढल्या हंगामात भरून काढील. देव विकत मिळतो ही समजूत एकदा बसली की ती काढावयास दहा उपदेशक पुरणार नाहीत.

येथे कोणी विचारील, मग सेवा सर्व लपूनच करावी काय? प्रभूने उजव्या हाताचे डाव्यास कळू देऊ नये असे सांगितले खरे. पण त्याच उपदेशात, एकच अध्याय मागे, दिवा मापाखाली ठेवू नये असेही सांगितले आहे. हा प्रश्न खोटा नाही. कोंडाण्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी बाजूस एका मोठ्या मूर्तीच्या मस्तकाचा भग्न अवशेष आहे, आणि त्याजवळ ब्राह्मी अक्षरांत एक लहान लेख कोरलेला आहे. त्याचा आशय असा की कन्हाचा म्हणजे कृष्णाचा शिष्य बलक याने हे केले. एवढेच. राजाचे नाव नाही, देणगीचा आकडा नाही. त्या कारागिराने आपले नाव लपविले नाही. काम माझे आहे हे तो सांगतो, आणि कामात काही उणे निघाले तर कोणास विचारावे हेही त्यावरून कळते. परंतु आपल्या नावाच्या आधी त्याने आपल्या गुरूचे नाव कोरले. तो बौद्ध होता की नाही हेही त्या ओळीवरून निश्चित सांगता येत नाही, आणि ख्रिस्ताच्या जन्मापूर्वीचा तर तो आहेच. तरी आपण ज्याला शिष्यपण म्हणतो त्याचा थोडा अर्थ त्याला कळला होता असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

नाव सांगूनही नम्र राहता येते, आणि नाव न सांगताही मनुष्य फुगतो. ‘मी पामर, मी पापी, मी पायाची धूळ’ असे प्रार्थनेत म्हणणाऱ्या गृहस्थास सभेनंतर कोणी हळूच सांगून पाहावे की, ‘भाऊ, आज हिशेबात आपली चूक झाली हं.’ मग ती धूळ किती उंच उडते ते दिसेल! आणि दुसरेही एक ढोंग आहे, त्याचा उल्लेख थोडक्यात करून टाकू. ‘मी त्या ढोंग्यांसारखा नाही, म्हणून मी देवळात येत नाही,’ असे म्हणणारा मनुष्य लूकाच्या अठराव्या अध्यायातील परूशाचीच प्रार्थना घरी बसून करितो.

कर्जतेहून घाट चढून पुण्यापुढे जाणारी जी आगगाडीची वाट आहे तिच्यावरच केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्ति मिशन तेथे आहे. रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस व मुलींस संस्कृत शिकविले म्हणून लोकांचा रोष पत्करला. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. वीस वर्षांच्या मुलीला एवढा मान या देशात त्यापूर्वी क्वचितच कोणी दिला असेल. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ साली त्यांनी मुंबईस शारदासदन काढले, व पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले.

पुण्यास त्यांच्यावर जो प्रसंग आला तो आपल्या प्रश्नाशी लागू आहे. सदनात धर्माची सक्ती करावयाची नाही असे ठरले होते, व रमाबाईंनी ती केली नाही. त्या आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत, आणि दार लावून घेत नसत. विधवा मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. त्यावरून गावात वादळ उठले, आणि १८९३ साली रानडे व भांडारकर यांच्यासारख्या मोठ्या माणसांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंना दोन सोप्या वाटा होत्या. दार लावून घेतले असते तर मोठी माणसे राहिली असती. मुलींना बोलावून बसविले असते तर इंग्लंड-अमेरिकेतील देणगीदारांना मोठे आकडे कळविता आले असते. त्यांनी दार जसे होते तसे उघडे ठेविले. आत येण्यास कोणाला सांगितले नाही, बाहेर जाण्यास कोणाला अडविले नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून त्यांनी उपाशी बायका-मुली गोळा करून आणल्या, आणि त्यांच्यासाठी केडगावच्या माळावर मुक्ति उभे राहिले. पुढे गुजरातेतील दुष्काळातूनही मुली आल्या. तेथे शेती होती, विणकाम होते, छापखानाही होता. तो मुलीच चालवीत.

परंतु रमाबाईंच्या ज्या कामाकडे आम्हांस विशेष लक्ष वेधावयाचे आहे ते फार लोकांस ठाऊक नाही. उतारवयात त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या, आणि सबंध बायबलाचे मराठीत भाषांतर करावयास बसल्या. ज्या बाईला भागवत मुखोद्गत होते, जिने मनात आणले असते तर पंडितांनी माना डोलवाव्या अशी भाषा लिहिली असती, तिने जाणूनबुजून जड संस्कृत शब्द बाजूला सारले. कारण तिच्यासमोर वाचक म्हणून उभ्या होत्या त्या दुष्काळातून आलेल्या, नुकत्या अक्षर ओळखू लागलेल्या खेडवळ बायका. त्यांना कळेल असा शब्द सापडेपर्यंत रमाबाई शोधीत राहत. खिळे जुळविणाऱ्याही त्याच मुली. हे काम त्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत केले. १९२१ साली त्यांची एकुलती मुलगी मनोरमा वारली. १९२२ च्या एप्रिलात त्या स्वतः गेल्या. सबंध बायबल त्यांच्यामागून, १९२४ साली बाहेर पडले.

हे भाषांतर सर्व मंडळ्यांत रूढ झाले नाही. उपासनेत आपण वाचतो ते बायबल सोसायटीचे भाषांतर. ज्या कामासाठी रमाबाईंनी आपली सर्व विद्या खाली वाकविली, त्या कामाने त्यांची कीर्ती वाढली नाही. लोक त्यांस पंडिता म्हणून, समाजसुधारक म्हणून ओळखतात. साध्या मराठीसाठी झिजलेली बाई म्हणून फारसे कोणी ओळखत नाही. मघाशी आजारी मुलाजवळ उपदेशकांनी केलेल्या प्रार्थनेविषयी आम्ही लिहिले. तिचा या बाईशी संबंध आहे. जिला संस्कृत येत होते तिने ते बायकांसाठी सोडले. ज्यांस येत नाही ते त्यांच्यापुढे ते मिरवितात.

कर्जत-खालापूरच्या शेतकऱ्यांस हे अधिक सांगावयास नको. आषाढात भाताची लावणी असते. राबातील रोपे उपटून मुठी बांधतात, आणि चिखलात उतरून, कमरेत वाकून, मागे मागे सरत रोप लावितात. उभ्याने लावणी कोणालाही साधलेली नाही. आणि संध्याकाळी कोणते रोप कोणाच्या हाताने लागले हे सांगता येत नाही. लावणाऱ्या बाईचे डोळे पूर्ण वेळ चिखलाकडे असतात. बांधावर कोण उभे आहे हे पाहावयास तिने मान वर केली तर ओळ वाकडी होते. प्रभूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले त्या रात्री तोही असाच वाकला होता, आणि त्या बारा जणांत यहूदाचेही पाय होते. पेत्राने प्रथम आपले पाय मागे घेतले. धुवून घेण्याची त्याला लाज वाटली. सेवा करणे कठीण, परंतु सेवा घेणे कित्येकांस त्याहूनही कठीण जाते. आपल्यापेक्षा हलका मानलेल्या घरचे पाणी पिणे हीसुद्धा एक प्रकारे पाय पुढे करण्यासारखीच गोष्ट आहे.

पुढील प्रभुभोजनापूर्वी मंडळ्यांनी काही गोष्टी कराव्या असे आम्ही सुचवितो. मूठ-धान्याचा व अर्पणाचा मागील वर्षाचा हिशेब सभेत वाचून दाखवावा. तो उपदेशकाने वाचू नये, मंडळीतील कोणा वाचता येणाऱ्या तरुण मुलीने वाचावा. देऊळ कोण झाडते याची चौकशी करावी. बहुतेक ठिकाणी ती एकच गरीब विधवा असेल; तिच्याकडून काही आठवडे ते काम पंचांनी घ्यावे, व देवळाच्या भिंतीवर त्यांची नावे लावू नयेत. आणि ज्या घरी आपण आजवर पाणी प्यालो नाही असे एखादे ख्रिस्ती घर वस्तीत असेल, तर तेथे जावे. बरोबर साक्षीदार नेऊ नये.

सभेत चर्चेस एक प्रश्न घ्यावा. पौलाने पेत्राला सर्वांदेखत दोष दिला, एकांतात का नाही? आमच्या मते ते ढोंग सर्वांदेखत झाले होते आणि त्याने दुखावलेले परराष्ट्रीय बंधू तेथेच बसले होते, म्हणून. परंतु प्रत्येक उपदेशकाने दुसऱ्या उपदेशकाचे दोष चव्हाट्यावर मांडावे असा याचा अर्थ होतो काय, यावर मंडळीने अवश्य बोलावे. मतभेद होतील, होऊ द्यावे.

पेत्राने त्या दिवशी काय उत्तर दिले हे कोठेही लिहिलेले नाही. तो पुन्हा पंक्तीस येऊन बसला की नाही हेही पौल सांगत नाही. परंतु पेत्राच्या नावाने जे दुसरे पत्र आपल्या शास्त्रात आहे, त्याच्या शेवटच्या अध्यायात पौलाच्या पत्रांचा उल्लेख येतो. त्या पत्रांतील काही गोष्टी समजावयास कठीण आहेत असे तेथे म्हटले आहे, आणि पौलाला प्रिय बंधू म्हटले आहे. तिसऱ्या अध्यायाचे पंधरावे व सोळावे वचन. पाठ संपल्यावर उपदेशकांनी ही दोन वचने मोठ्याने वाचून दाखवावी.